गुऱ्हाळाचे सुधारलेले चुलाण व जुने धुराडे

गुऱ्हाळाच्या चुलाणातून धुराबरोबर बरीच उष्णता निघून जाते. ती वाचविण्यासाठी मुख्य काहिलीच्या मागे, धुराच्या वाटेवर, दुसरी काहील बसवून तीत कच्चा रस तापवून घेणे हितावह असते. त्यामुळे चिपाडांची बचत होते. मात्र अशा चुलाणास जुने धुराडे तसेच जोडण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करणे अगत्याचे आहे.

गरम धूर बाहेरील हवेपेक्षा हलका असतो, म्हणूनच धुराडे ओढते. बाहेरील हवा ३० अंश सेल्सिअस असता १० मीटर उंच धुराड्यातील धूर सरासरी ३०० अंश असेल, तर ओढ सुमारे साडेपाच मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी मिळते. धूर १५० अंशांवर आल्यास ती सव्वातीन मिलिमीटर होते, आणि ६० अंशांवर अवघी एक. म्हणजेच धुरातील सर्वच उष्णता वाया जात नाही; तिचा काही वाटा ही धुराड्याची मजुरी होय.

ओढ मंदावली की चिपाडे अर्धवट जळतात व विषारी धूर तोंडाशी बसणाऱ्या मजुराच्या अंगावर येतो. रस आचेवर फार वेळ राहिल्याने गूळ काळपट व मऊ होतो.

दुसरा धोका ओलाव्याचा. धूर सुमारे ६० अंशांच्या खाली गेल्यास त्यातील वाफेचे पाणी होऊ लागते. हे आम्लयुक्त पाणी काजळीसह चुन्याचे सांधे पोखरते. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरे उबदार ठेवण्यासाठी बसविले जाणारे नवे गॅस-बॉयलर बहुतेक अशी वाफ निववून उष्णता घेणारेच असतात. त्यांचा धूर जुन्या चिमणीतून न्यावयाचा झाल्यास आत स्वतंत्र नळी घालतात, धूर पंख्याने ढकलतात व साचलेले पाणी मोरीत सोडतात. त्यांची प्लॅस्टिकची नळी मात्र गुऱ्हाळाच्या तप्त धुरास टिकणार नाही. पंख्यावाचून चालणाऱ्या गुऱ्हाळाने धूर फार निवू न देणे हेच इष्ट.

यासाठी शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

(१) धुराड्याच्या पायथ्याशी धूर १५० अंशांहून कमी होऊ देऊ नये.

(२) दुसऱ्या काहिलीस वळसा घालणारी वाट व झडप ठेवावी. जाळ पेटविताना धूर याच वाटेने सोडावा.

(३) भेगांतून शिरणारी थंड हवा ओढ मारते. हंगामापूर्वी भेगा लिंपून काजळी काढावी.

(४) ओढ अपुरी वाटल्यास, पाया व बांधणी जाणकाराकडून तपासूनच उंची वाढवावी.

इतकी काळजी घेतल्यास चिपाडेही वाचतील व धुराडेही टिकेल.