एका सहकाऱ्याच्या खुनाचा तपास

खुनाच्या तपासाच्या कादंबऱ्या तुम्ही बाकाखालीं लपवून वाचतां, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. आज अशीच एक हकीकत सांगतों. ती मात्र कल्पित नाहीं.

इटलीच्या सिसिली बेटावर माफिया नांवाच्या गुप्त गुन्हेगार टोळ्यांची मोठी दहशत होती. पालेर्मो शहरीं ज्योव्हान्नी फाल्कोने या न्यायाधिकाऱ्यांनीं पुरावा जमवून त्यांतील शेंकडों लोकांस न्यायासनापुढें खेंचलें. दि. २३ मे १९९२ रोजीं ते विमानतळावरून शहराकडे येत असतां कापाची गांवाजवळ रस्त्याखालील मोरींत पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. फाल्कोने, त्यांच्या पत्नी व तीन अंगरक्षक प्राणांस मुकले.

इल्दा बोक्कासिनी या मिलान शहरांतील सरकारी वकील होत्या. येथें खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे शोध पोलीस करतात आणि सरकारी वकील तो कोर्टापुढें मांडतो. इटलींत पोलिसांच्या तपासाचीं सूत्रें सरकारी वकिलाच्याच हातीं असतात. स्त्रियांस हें दार १९६३ च्या कायद्यानें उघडलें, तेव्हां या बाई तेरा वर्षांच्या शाळकरी मुलगी होत्या! पुढें एका प्रकरणीं त्यांनीं फाल्कोने यांच्याबरोबर कामही केलें होतें.

पालेर्मोच्या न्यायाधिकाऱ्याच्या खुनाचा तपास पालेर्मोच्या कचेरीनें करूं नये, असा नियम असल्यामुळें तो काल्तानिस्सेत्ता येथें गेला. बाईंनीं तेथें बदली मागून घेतली. जुलैंत फाल्कोने यांचे मित्र न्यायाधिकारी पाओलो बोर्सेल्लिनो हेही पांच अंगरक्षकांसह बाँबनें मारले गेले होते.

पुरावा एकदम हातीं लागला नाहीं. पाळतीवरील इसम व टेकडीवरील साथीदार यांच्यांतील टेलिफोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. संशयितांचें घरांतील बोलणें यंत्रानें ऐकण्यांत आलें. १९९३ सालीं सान्तीनो दि मात्तेओ हा साथीदार फुटला. त्याचें तोंड बंद करण्यासाठीं माफियानें त्याच्या मुलास पळविलें. मुलगा तुमच्याच वयाचा, १२ वर्षांचा. दोन वर्षांहून अधिक काळ कोंडून १९९६ सालीं त्याचा जीव घेतला. १९९७ सालीं कापाचीच्या खटल्यांत २४ जणांस जन्मठेप झाली.

परंतु मला विशेष वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. १९९४ सालीं व्हिन्चेन्सो स्कारान्तीनो नांवाच्या एका किरकोळ गुन्हेगारानें, बोर्सेल्लिनोंच्या खुनांत आपण होतों असें सांगून भराभर नांवें दिलीं. लोक संतापलेले, सहकारी गेल्याचें दुःख ताजें, आणि साक्षीदार हातीं आलेला. अशा वेळीं मनास हवें तेंच खरें वाटूं लागतें. बाईंनीं त्याचें बोलणें इतर साक्षींशीं ताडून पाहिलें. तें जुळेना. ऑक्टोबरांत त्यांनीं व एका सहकाऱ्यानें लेखी कळविलें कीं, या मनुष्यावर विश्वास ठेवूं नये. मग त्या तेथून परत गेल्या.

तो इशारा कोणीं मानला नाहीं. त्या साक्षीच्या आधारें, ज्यांचा त्या खुनाशीं संबंध नव्हता अशा माणसांस जन्मठेपा झाल्या. २००८ सालीं गास्पारे स्पात्तूत्सा यानें बाँबची मोटार आपणच चोरली होती असें कबूल केल्यावर तें सर्व कुभांड उघडें पडलें. २०११ सालीं ते कैदी सुटले, आणि २०१७ सालीं कोर्टानें त्यांस निर्दोष ठरविलें. बाईंच्या पत्रास तेव्हां २२ वर्षें होऊन गेलीं होतीं.