वेचणीची पिशवी : शिवणयंत्राचा पहिला धडा

शिवणयंत्र शिकू इच्छिणाऱ्या बाईच्या हाती पहिल्याच दिवशी पोलक्याचे कापड देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. मुंढा बसत नाही, गळा वाकडा होतो, कापड वाया जाते आणि शिकणारी पुढच्या आठवड्यात येईनाशी होते. पहिले काम सरळ रेघांचे असावे आणि पुरे झाल्यावर ते उपयोगात यावे. कापूस पिकविणाऱ्या गावात अशा कामाची निवड अवघड नाही. वेचणीची कापडी पिशवी हे ते काम होय.

वेचणीसाठी खताची रिकामी प्लास्टिकची पोती वापरण्याचा प्रघात सर्वत्र पडला आहे. पोते फुकट मिळते, म्हणून त्याचा दोष दिसत नाही. उन्हाने ते विरते, त्याचे बारीक तंतू सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, परंतु हे तंतू रुईबरोबर गाठीत जातात. सूतगिरणीत त्यांचे आणखी तुकडे पडतात; आणि कापसास चढणारा रंग प्लास्टिकला तसा चढत नसल्यामुळे रंगविलेल्या कापडावर ते ठिपक्यांसारखे उठून दिसतात. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली, तिच्यात जिनिंग-प्रेसिंग कारखाने सुधारण्यावर मोठा भर होता. तथापि शेतातच शिरलेले प्लास्टिक पुढे पूर्णपणे काढून टाकणे चांगल्या यंत्रासही साधत नाही. ते शिरू न देणे वेचणाऱ्या बाईच्या हाती आहे, आणि तिला त्यासाठी योग्य पिशवी मिळाली पाहिजे.

पिशवीसाठी पांढरा मांजरपाट घ्यावा. नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे पावणेदोन मीटर कापड एका पिशवीस पुरते. कापड रात्रभर भिजवून वाळवावे, म्हणजे ते शिवण्यापूर्वीच आटेल. दोरा मात्र पारखून घ्यावा लागतो. दुकानातील पुष्कळशी रिळे आज पॉलिएस्टरची असतात, आणि अशा दोऱ्याने पिशवी शिवली तर प्लास्टिक टाळण्याचा सारा खटाटोप फुकट गेला. परीक्षा सोपी आहे. दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो. दोरा पांढराच असावा. रंगीत दोऱ्याचा तुकडा कापसात पडला तर तोही दोषच होय.

यंत्रात सोळा नंबरची सुई बसवावी. सुईच्या एका अंगास लांब खाच असते. दोरा त्याच अंगाने नेढ्यात ओवावयाचा असतो. सुई उलटी बसली तर टाका सुटत जातो आणि नवखी बाई यंत्रास दोष देत बसते. पहिला तास दोरा न ओवताच घालवावा. जुन्या वर्तमानपत्रावर रेघा आखून त्यांवरून रिकामी सुई चालवावी. चाक नेहमी आपल्या बाजूस फिरवावयाचे, पायाची लय हळूहळू बसते. भोके रेघेवर पडू लागली की दोऱ्याकडे वळावे. ही पायरी शिकविणाऱ्यास कंटाळवाणी वाटते म्हणून ती बहुधा गाळली जाते. वाकड्या टिपांचे मूळ तेथेच असते.

बॉबिन भरून खालचा दोरा वर काढावा आणि दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून टीप सुरू करावी. कापड ओढू नये. खालचे दात ते आपोआप पुढे नेतात, हाताने फक्त वळण द्यावयाचे. चिंधीवर टीप मारून दोन्ही बाजू पाहाव्यात. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, तो सैल करावा. खालच्या बाजूस दोऱ्याचे फासे पडत असतील तर वरचा दोरा नीट ओवला आहे की नाही हे आधी पाहावे आणि मगच ताण वाढवावा. एका इंचात दहा-बारा टाके पडले म्हणजे पुरे.

आता बेत. दीडशे सेंटिमीटर लांब व पासष्ट रुंद असा एकच तुकडा पिशवीसाठी कापावा. उरलेल्या पट्टीतून आठ सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे निघतात. पिशवीचे कापड मधोमध दुमडावे; तळाशी शिवण येत नाही आणि कापसाचा भार अखंड कापडावर पडतो.

बाजूची शिवण हा या धड्याचा गाभा आहे. कापडाची सुलट बाजू बाहेर राहील असे दुमडून काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंस टीप मारावी. बाहेर आलेले धागे कातरून टाकावेत. पिशवी उलटवावी, शिवण बोटांनी नीट दाबून बसवावी आणि काठापासून एक सेंटिमीटरवर दुसरी टीप मारावी. आता कापडाचा कापलेला काठ दोन टिपांमध्ये बंद झाला. त्याचे धागे कापसात सुटत नाहीत, ओढ दोन टिपांवर वाटली जाते आणि कडेला कापूस अडकून राहत नाही. टिपेच्या आरंभी व शेवटी तीन-चार टाके मागे घ्यावेत. यंत्रास उलट चालण्याची सोय नसेल तर कापड फिरवून त्याच टिपेवरून परत यावे. वेचणीत शिवण उसवते ती बहुधा तोंडाजवळच, आणि ती हे टाके न घेतल्यामुळे.

पट्ट्याचे दोन्ही काठ मध्यापर्यंत दुमडून पुन्हा दुमडावे, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंदीचा चौपदरी पट्टा होतो. उघड्या काठाने त्यावर टीप मारावी. एक पट्टा खांद्यावरून तिरपा जाईल. तो वापरणारीच्या अंगावर मापूनच कापावा. दुसऱ्याचे दोन भाग करून कमरेस बांधण्यासाठी ठेवावे.

पिशवीचे तोंड आत एक सेंटिमीटर व पुन्हा चार सेंटिमीटर दुमडावे. खांद्याच्या पट्ट्याची टोके मागच्या अंगास शिवणींच्या लगत आणि कमरेचे बंद त्यांच्या दहा सेंटिमीटर आत, अशी दुमडीखाली दोन सेंटिमीटर सरकवून मग टीप मारावी. बाजूच्या जाड शिवणीवर यंत्र पायाने चालवू नये, चाक हाताने फिरवावे. सुया तुटतात त्या याच जागी. त्यानंतर पट्टे वर वळवून तोंडाच्या कडेशी प्रत्येकावर चौकोन शिवावा व आत फुली मारावी. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचलावे, कापड वळवावे, फूट खाली सोडावे आणि पुढे जावे. एवढे जमले की उशीचा अभ्रा शिवण्यास अडचण पडत नाही.

पिशवी पारखताना तीत धान्य भरून पट्ट्याला धरून उचलावी व शिवणी ताणून पाहाव्यात. टाक्यांतून उजेड दिसला तर टीप उसवून पुन्हा मारावी. शिकणारीस हे नकोसे वाटते, तरी पहिल्या पिशवीवर ते करून घ्यावे. बचत गटाने एका घराच्या वेचणीस लागतील तेवढ्या पिशव्या पहिल्या वेचापूर्वी तयार ठेवल्यास पोते कमरेस बांधण्याचे कारण उरत नाही. दव सुकल्यावर वेचणी सुरू करावी आणि पिशवीतील कापूस स्वच्छ सुती कापडावर ओतावा. हंगाम संपल्यावर पिशव्या धुऊन, उन्हात वाळवून उंदरांपासून दूर टांगाव्यात. फाटलेल्या जागी ठिगळ लावावयाचे ते पांढऱ्या सुती कापडाचेच.