एका घरातील अनेक लॅपटॉप आणि बिनतारी जाळे



अर्विंगमधील आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता एकाच छपराखाली चार-पाच लॅपटॉप नांदतात. मुलाचा कचेरीचा, सुनेचा ॲपलचा, नातवंडांचा शाळेसाठीचा क्रोमबुक, आणि मुलांनी नवा घेतल्यावर आजी-आजोबांच्या वाट्याला आलेला जुना विंडोजचा. प्रत्येकाची जात वेगळी नि वयही वेगळे. या सर्वांना एका बिनतारी जाळ्यावर सलोख्याने कसे आणावे हा आजच्या पाठाचा विषय. हे काम "मुलगा सुट्टीत करील" म्हणून पुढे ढकलले जाते, आणि तोवर आजींचे इस्राएलशी चाललेले बोलणे तुटत राहते. शुक्रवारी सकाळी आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा लोदला किंवा दिमोनाला दुपारचे चार झालेले असतात. शब्बाथ लागण्यापूर्वी तेवढाच काय तो वेळ मिळतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आमच्या लहानपणी भारतात घरच्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे. याउलट अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मे १९८५ मध्ये काही लहरींचे पट्टे अशा बिनतारी यंत्रांसाठी विनापरवाना खुले केले. त्यांतील एक २.४ गिगाहर्ट्झचा. त्यावर चालणारे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले आणि 'वाय-फाय' हे नाव १९९९ साली रूढ झाले. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकणारा. २.४ चा हळू, पण दूरवर पोचणारा. मात्र शेजाऱ्यांची जाळी आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह यांची तेथे गर्दी असते. जुन्या लॅपटॉपला बहुधा हा एकच पट्टा ऐकू येतो, हे ध्यानात ठेवावे.

आता घरातील पेट्यांकडे वळू. कंपनीने दिलेली पेटी बाहेरची तार किंवा प्रकाशतंतू आत घेते. तीत बहुधा राउटरही असतो व तीही वाय-फाय सोडते. आपण ते ओळखत नाही आणि दुकानातून आणखी एक राउटर आणून तिला जोडतो. मग घरात दोन जाळी होतात. आजोबांचा लॅपटॉप एका नावावर, सुनेचा दुसऱ्यावर, आणि छपाईयंत्र तिसऱ्याच कोणाच्या लक्षात राहिलेल्या नावावर! इंटरनेट सर्वांना मिळते, म्हणून दोष कोणाला दिसत नाही. पण एक यंत्र दुसऱ्याला सापडत नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या दहा तक्रारींतील निम्म्या तरी याच असतात.

परीक्षा सोपी आहे. प्रत्येक लॅपटॉपच्या नेटवर्कच्या पानावर त्याचा पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२४. टिंबांनी विभागलेले पहिले तीन आकडे सर्वांचे सारखे असतील तर सर्व एकाच आळीत राहतात असे समजावे. नसतील, तर दोन राउटरांपैकी एकाचे राउटरपण काढून घ्यावे. कंपनीच्या पेटीला 'ब्रिज मोड'मध्ये टाकावे, नाहीतर आपल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये. दुसरा मार्ग घरच्या घरी जमतो.

राउटर ठेवायचा कोठे? मुंबईच्या सिमेंटच्या भिंतींची आठवण येथे उपयोगी नाही. येथील घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या असतात, त्यांतून लहरी सहज जातात. येथील शत्रू म्हणजे धातू. पुष्कळ घरांत तारांची पेटी कपड्यांच्या खोलीतील भिंतीत बसवलेली असते आणि तिला पत्र्याचे झाकण असते. कित्येक घरांत प्रकाशतंतूची पेटी गॅरेजमध्ये असते. टेक्ससच्या उन्हासाठी माळ्यावर छपराखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा थर लावण्याचीही पद्धत आहे. तेव्हा पेटी तेथेच राहू द्यावी, पण तेथून तार ओढून राउटर घराच्या मध्यावर, उघड्या फडताळावर, छातीइतक्या उंचीवर ठेवावा. शोभा जाते अशी तक्रार घरातून येईल. येऊ द्यावी.

आता खास अर्विंगची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरी सर्व काही नीट असूनही ५ गिगाहर्ट्झचे जाळे अधूनमधून एकाएकी नाहीसे होई व थोड्या वेळाने आपोआप परत येई. घर जुने नव्हते, राउटर महागातला. असे होण्याची कारणे अनेक असतात. पण आपल्या गावी एक कारण अवश्य तपासावे. ते समजण्यासाठी पुन्हा १९८५ मध्ये जावे लागते.

२ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरू पाहणारे डेल्टा कंपनीचे १९१ क्रमांकाचे विमान वादळी ढगातून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतात सापडून पडले. १३७ माणसे दगावली. त्यांत आपल्या गावातून जाणाऱ्या ११४ क्रमांकाच्या महामार्गावरून मोटारीने जाणारा एक इसमही होता. अशा अपघातांनंतर मोठ्या विमानतळांसाठी असे झोत आधीच टिपणारी खास रडारे बसवण्यात आली. डॅलस-फोर्ट वर्थ आणि लव्ह फील्ड या दोन्ही विमानतळांसाठी ती आहेत. ही रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या थोडे वर, म्हणजे आपल्या वाय-फायच्याच शेजघरात बोलतात.

म्हणून नियम असा की, चॅनेल ५२ ते १४४ वापरणाऱ्या राउटरने आधी निदान एक मिनिट कान देऊन ऐकावे आणि रडारची चाहूल लागताच ते चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकू नये. राउटर हे सारे निमूटपणे, आपल्याला न सांगता करतो. तो बिघडला असे आपण समजतो, पण त्याने कायदा पाळलेला असतो. आणि तो पाळलाच पाहिजे, कारण त्या आकाशातून आपलीच माणसे उतरत असतात.

उपाय फुकटचा आहे. राउटरच्या पानावर चॅनेल 'आपोआप' असेल तेथे ३६, ४०, ४४, ४८ पैकी किंवा १४९ ते १६१ पैकी एक निवडावे. पण एक खोच आहे. चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवली तर ३६ चा पसारा थेट ६४ पर्यंत जातो, म्हणजे पुन्हा रडारच्या अंगणात. रुंदी ८० ठेवावी. घरगुती कामाला ती भरपूर होते. २.४ च्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांखेरीज दुसरे चॅनेल घेऊ नये, ती तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. काही नवे, अनेक पेट्यांचे संच चॅनेल निवडूच देत नाहीत. विकत घेण्यापूर्वी हे विचारावे.

कुलुपाविषयी. जुन्या काळचे 'वेप' नावाचे कुलूप कुचकामी आहे हे २००१ साली एका शोधनिबंधाने दाखवून दिले. त्याच्या तीन लेखकांपैकी इत्सिक मान्तिन व आदी शमीर हे दोघे रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतले. तरी आजोबांचा जुना लॅपटॉप जोडला जात नाही म्हणून साऱ्या घराचे कुलूप ढिले करणारे लोक आहेत. तसे करू नये. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचे मिश्र कुलूप ठेवावे. २००६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपना ते चालते. ज्याला तेही चालत नाही, त्याला निरोप द्यावा.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. आजोबांना रागावूनही सांगावे लागले तरी चालेल. असे जुने यंत्र, पाहुण्यांचे फोन, दूरचित्रवाणी आणि मुलाचा कचेरीचा लॅपटॉप यांना राउटरच्या 'पाहुण्यांच्या जाळ्या'वर बसवावे. तेथून इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे सहसा दिसत नाहीत. कचेरीच्या लॅपटॉपला घरचे छपाईयंत्र सापडत नाही म्हणून झगडू नये. कचेरीची तीच इच्छा असते.

राहता राहिले आपापसांतील देणेघेणे. विंडोजमध्ये घरच्या जाळ्याला 'सार्वजनिक' म्हटलेले असेल तर ते यंत्र शेजाऱ्याला तोंड दाखवत नाही. ते 'खाजगी' करावे. मग एकच कप्पा करून, समजा 'घरचे फोटो', तेवढाच वाटून द्यावा. सबंध डिस्क कधीही वाटू नये. जुनी 'होमग्रुप' सोय शोधत बसू नये, ती २०१८ मध्ये काढून टाकली गेली. ॲपलच्या यंत्रात 'फाइल शेअरिंग' चालू केले की विंडोजला ते दिसते, मात्र विंडोजसाठी त्या खात्यापुढे वेगळी खूण करावी लागते. क्रोमबुकही फाइलींच्या खिडकीतून तो कप्पा उघडू शकतो. एखाद्या जुन्या यंत्राने 'एसएमबी १' चालू करा असे मागितले तर नाही म्हणावे. मे २०१७ मध्ये जगभर लाखो संगणक बंद पाडणारा 'वॉनाक्राय' त्याच दारातून शिरला होता.

चॅनेल बदलण्याचे काम शुक्रवारी सकाळी करू नये. रविवारी दुपारी करावे, आणि नवा पासवर्ड मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आजींच्या पलंगाजवळच्या खणात ठेवावा.