चादर विणणारा कोळी

शरद ऋतूतील प्रभातकाळी युरोपातील कुंपणांवर व झुडुपांवर शुभ्र चादरी पसरलेल्या दिसतात. त्यांच्या तंतूंवर दवबिंदू चमकत असतात. त्या विणणारा कारागीर मात्र जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा कोळी असतो.

या कोळ्याच्या प्रजातीचे नाव 'लिनिफिया'. जवसाच्या धाग्याचे वस्त्र विणणारा, असा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०४ साली हे नाव दिले. या प्रजातीतील 'त्रिकोणी' जातीचे वर्णन क्लेर्क या स्वीडिश पंडिताने १७५७ सालीच केले होते. तिच्या पाठीच्या पुढील भागावर चिमट्यासारखी दुभंगलेली काळसर रेघ असते. दुसरी 'उद्यान' जाती त्याहून लहान असून ती वनातील सावलीत, जमिनीलगतच्या झाडोऱ्यात राहते. पहिलीचे कोळी शरदात प्रौढ होतात, तर दुसरीचे ग्रीष्माच्या आरंभी.

या कोळ्याचे जाळे चाकासारखे नसते. मध्ये आडवी चादर आणि तिच्यावर उभ्याआडव्या धाग्यांचे जंजाळ, अशी त्याची रचना असते. कोळी चादरीच्या खाली उलटा लोंबकळत राहतो. उडणारा कीटक वरच्या धाग्यांना अडखळतो व चादरीवर कोसळतो. धागे थरथरताच कोळी धावतो, चादरीतूनच त्याला चावा घेतो आणि खाली ओढून नेतो. मग फाटलेली जागा तो पुन्हा विणून काढतो. रेशीम त्याच्या अन्नापासूनच बनते. म्हणून तयार जाळे हे त्याचे मोठे धन होय.

याच धनावरून पुढे कलह माजला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'त्रिकोणी' कोळी अमेरिकेच्या मेन राज्यात आढळला. तेथे वाडग्यासारखे जाळे विणणारा 'फ्रंटिनेला' नावाचा कोळी पूर्वीपासून नांदत होता. नवागताने त्याची आयती जाळी बळकावण्यास आरंभ केला. पाहुणाच घरधनी होऊ लागला!

यात कोळ्याचा दोष तो काय? पोट भरणे एवढेच त्याला ठाऊक. परंतु स्वदेशी निरुपद्रवी असलेला जीव परभूमीत दुसऱ्याचा आसरा हिरावू शकतो. म्हणून कोणताही प्राणी एका प्रदेशातून दुसरीकडे नेताना सुज्ञ माणसाने दहादा विचार करावा.

स्वाध्याय
१. कोळी चादरीच्या खाली का राहतो?
२. 'पाहुणाच घरधनी होऊ लागला' असे का म्हटले आहे?