भूमिकेची वही

नाटकात काम करावयाचे म्हटले की तालमीला जागा हवी, वेळ हवा आणि पाठांतर हवे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी श्री. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' बसवावे असे आमच्या वर्गातील सहाजणांच्या मनात आले, तेव्हा या तिन्ही गोष्टींची अडचण निघाली. दोघांना दुपारी चारची एस. टी. गाठावी लागे, एकजण संध्याकाळी दुकानात कामाला, आणि मी वसतिगृहात. नाटक राहून गेले. पण चिठ्ठ्या टाकून वाटून घेतलेल्या भूमिका कोणाला सोडवेनात. तेव्हा एकाने सुचविले, बोलता येत नसेल तर लिहू या. दोनशे पानांची एक लांब वही आणली. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या नावाने तीत लिहावयाचे आणि वही पुढच्याच्या हाती द्यावयाची, असे ठरले. पाच महिने हा उद्योग चालला. ज्यांना असे काही करून पाहावेसे वाटेल त्यांना आमच्या चुकांचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

दुसऱ्याच्या नावाने 'मी' म्हणून लिहिणे मराठीला नवे नाही. हरिभाऊ आपटे यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' मध्ये यमू या मुलीच्या तोंडून तिची कहाणी सांगितली, आणि ती १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून वाचकांपुढे क्रमशः आली. वामन मल्हार जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' ही कादंबरी तर पात्रांनी एकमेकांस लिहिलेल्या पत्रांतूनच उभी राहते. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपली बाजू मांडतात. या सर्व ठिकाणी अनेक आवाजांमागे लेखणी मात्र एकाच लेखकाची आहे. आमच्या वहीत सहा आवाज आणि सहा लेखण्या. सारी गंमत आणि सारी भांडणे यातूनच निघाली.

१९८५ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक अनेकांच्या परिचयाचे असेल. विदर्भातल्या खेड्यातील देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारले आहेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली आली आहेत. वाड्यात थोरला भास्कर, त्याची पत्नी वहिनी, शिकायची इच्छा असून शिकू न दिलेली प्रभा, आणि निमूटपणे राबणारा चंदू. बाहेर गंजत पडलेला ट्रॅक्टर, घरात तेरवीच्या खर्चाची आणि दागिन्यांची चर्चा. माझ्या चिठ्ठीत वहिनी आली. मला प्रभा हवी होती. खरे सांगायचे तर वहिनीविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. दागिन्यांवर जीव असलेली बाई, एवढेच मी तिला ओळखत होते.

पहिला प्रश्न असा आला, की हे पात्र मुळात लिहील का, आणि कशावर? अंजली रोजनिशी लिहील, सुधीर मुंबईच्या मित्राला पत्र लिहील. वहिनीला एवढा निवांतपणा कुठला? शेवटी ती किराण्याच्या हिशेबाखाली दोन ओळी लिहिते असे मी ठरविले, आणि त्याबरोबर तिचा सूरही थोडा सापडला. चंदू झालेला मित्र तक्रार करी की आपल्याला दोन वाक्यांपलीकडे सुचतच नाही. पण वही वाचताना सर्वांत जास्त थांबावे लागे ते त्याच दोन वाक्यांपाशी. तेव्हा पात्र किती लिहील हेही पात्रानेच ठरवू द्यावे.

दुसरा प्रश्न भाषेचा. माझा पहिला मजकूर मी अगदी पाठ्यपुस्तकी मराठीत लिहिला. नागपुरात आल्यापासून माझ्या बोलीला वर्गात कोणी हसू नये म्हणून मी तशीच बोलते. अमरावतीकडची मैत्रीण वाचून म्हणाली, "ही वहिनी पुण्याहून आलेली दिसते." मला राग आला, पण तिचे खरे होते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आम्ही अभ्यासली होती. कौतिकचे बोलणे वऱ्हाडीतून काढले तर कौतिक उरत नाही, हे मी परीक्षेत लिहिलेही होते. मग मी आमच्या घरचे बोलणे आठवून लिहू लागले : "तेरवीची यादी करून राह्यले. तेल किती लागते ते सर्वांनी सांगितलं. पैसा कुठून येते ते कोणी नाही सांगितलं." ही ओळ लिहिताना मला काही रचावे लागले नाही.

तिसरी गोष्ट भांडणातून शिकलो. भास्कर झालेल्या मित्राने एकदा लिहिले, की मी दागिन्यांचा विषय काढला, तेव्हा हिने मान खाली घातली आणि पेटी उघडून दिली. मी वही मिटली आणि चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पेटी द्यायची की नाही हे वहिनी ठरवील. म्हणजे मी ठरवीन. त्याला वाटले, मी उगाच ताणते आहे. पुढे आम्ही असे ठरविले, की प्रत्येकाने आपण काय बोललो, काय केले, काय पाहिले एवढेच लिहावे आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी जागा सोडावी. "मी पेटी मागितली," इथे भास्करची लेखणी थांबली पाहिजे. खेळाबाहेरचे जे बोलायचे ते समासात पेन्सिलीने लिहावे, म्हणजे भास्करवरचा राग मित्रावर निघत नाही. हा नियम आम्ही पहिल्या दिवशी केला असता तर चार दिवस वाचले असते.

चौथी गोष्ट अशी, की आपल्याला शेवट माहीत असतो, पात्राला नसतो. रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते हे मला ठाऊक होते, तिच्या आईला नव्हते. माझ्या सुरुवातीच्या पानांत वहिनी रंजूकडे उगाच संशयाने पाहत असे. ती पाने मी खोडली.

आता थोडे दागिन्यांविषयी. एका रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते. त्या रात्रीचे पान मला लिहिता येईना. शेवटी आईला फोन केला आणि विचारले, "आई, पाटल्या घातल्यावर हात जड वाटतात का गं?" आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता कुठं आठवते. तू जेवली का?" फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी नागपूरला शिकायला आले त्या वर्षापासून आईच्या हातात काचेच्या बांगड्याच आहेत. मी कधी विचारले नव्हते. तिने कधी सांगितले नव्हते.

त्या रात्री मी वहिनीचे पान लिहिले. तीत हाव कुठे आली नाही. या घरात इतकी वर्षे राबल्यावर घरातले काहीतरी पहिल्यांदा आपल्या अंगाला लागले, एवढेच तिने किराण्याच्या हिशेबाखाली लिहिले.

दिवाळीच्या सुटीत वही घरी नेली आणि ते पान आईला वाचून दाखविले. तिने भाजी निवडता निवडता ऐकले. संपल्यावर एका शब्दाशी तिने मला थांबविले. "असं नाही म्हणत आपण," म्हणाली, आणि नीट शब्द सांगितला. मी तो समासात पेन्सिलीने लिहून घेतला. पाटल्यांविषयी ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

असो. या खेळाला खर्च एका वहीचा. माणसे दोन असली तरी चालतात, सहाहून अधिक नसावीत, नाहीतर वही परत यायला महिना लागतो. पात्र शक्य तो चिठ्ठी टाकूनच घ्यावे. स्वतः निवडले असते तर मी प्रभा निवडली असती, आणि वहिनीविषयीचे माझे मत आजही तेच राहिले असते.