काटा खाली, डिझेल जास्त

लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेणाऱ्या एका जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकचे ॲव्हरेज हळूहळू घसरत गेले. मालक निफाड तालुक्यातला, गाडी स्वतःच चालवणारा. त्याने आधी एअर फिल्टर बदलला, मग डिझेल पंपवाल्याकडे जाऊन इंजिनचा इंधन पंप कॅलिब्रेट करून घेतला, नवे नोझल टाकले. खर्च भरपूर झाला, डिझेल मात्र पूर्वीसारखेच उडत राहिले. या सगळ्या काळात डॅशबोर्डवरचा पाण्याच्या तापमानाचा काटा बहुतेक वेळ निम्म्याच्याही खाली असायचा, आणि त्याचे मालकाला समाधानच वाटायचे. काटा खाली म्हणजे इंजिन ठणठणीत, असा त्याचा हिशोब होता.

हा समज ट्रकच्या धंद्यात सगळीकडे आहे आणि त्याला कारणही आहे. घाटात पाणी उकळून उभी राहिलेली गाडी प्रत्येकाने पाहिलेली असते, हेड गॅस्केट गेल्यावर किती पैसे मोडतात हेही प्रत्येकाला माहीत असते. थंड चालणारे इंजिन रस्त्यात बंद पडत नाही. त्यामुळे त्याच्याविषयी कोणी तक्रार करत नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की त्या ही उष्णता शोषून घेतात, डिझेल उशिरा पेटते आणि त्यातले काही अर्धवटच जळते. इंजिनची खडखड वाढते, सकाळचा पांढरा धूर बराच वेळ हटत नाही. न जळलेले डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ज्वलनातून निघालेली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते, तिच्यात इंधनातल्या गंधकाचे आम्ल तयार होते आणि लायनर व रिंगा लवकर झिजतात. शिवाय थंड ऑइल घट्ट राहते. ते ढवळण्यातही ताकद जाते. म्हणूनच बहुतेक इंजिने पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असेल असे धरून बनवलेली असतात.

पाणी या पट्ट्यात ठेवण्याचे काम थर्मोस्टॅटचे. त्याला वायर लागत नाही, वीज लागत नाही. आत मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगते आणि झडप ढकलून रेडिएटरची वाट उघडते. हे तापमान बहुधा त्याच्या अंगावरच कोरलेले असते. ८२ किंवा त्याच्या आसपासचा आकडा अनेक ट्रकांत दिसतो.

या ट्रकमध्ये थर्मोस्टॅट नव्हताच. मागे कधीतरी उन्हाळ्यात गाडी गरम झाली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने तो काढून टाकला होता आणि झाकण पुन्हा बसवून दिले होते. आपल्याकडे हा उपाय इतका रुळला आहे की त्याला कोणी चूक मानत नाही. पण ती चूकच आहे, आणि या गाडीने ते स्वतः दाखवून दिले. वाशीला जाताना भरलेली गाडी कसारा घाट उतरते. त्या वेळी पायाखालचा ॲक्सिलरेटर सुटलेला असतो, पंखा फिरत असतो, बाहेर डिसेंबरची थंडी असते. काटा तळाला टेकायचा. परतीचे भाडे मिळाले आणि खताच्या गोण्या घेऊन तोच घाट चढायची वेळ आली, की काटा लालकडे सरकायचा. थंडही हीच गाडी, गरमही हीच.

यात विसंगती काहीच नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडे असतात. वरचे तोंड रेडिएटरकडची वाट उघडते, तेव्हा खालची चकती रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहतात. हलक्या कामात रेडिएटरकडे जाणारे तेवढे पाणीही इंजिनला गारठवायला पुरते. चढावर मात्र सगळे पाणी रेडिएटरमधून जायला हवे असते आणि त्यातला मोठा वाटा न थंड होताच बायपासने परत पाण्याच्या पंपाकडे येतो. ज्या आजारासाठी तो भाग काढला, तोच आजार घाटात वाढला.

काटा खाली दिसला म्हणून लगेच थर्मोस्टॅट आणायलाही धावू नये. पहिला संशय काट्यावरच घ्यावा. जुन्या गाड्यांत तापमान मोजणाऱ्या सेंडरची वायर निघाली किंवा गंजली तरी काटा थंड दाखवतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे कूलंट कमी झालेले असणे. सेंडर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत राहतो, काटा खाली दिसतो आणि आत इंजिन भाजत असते. त्यामुळे इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहणे हे पहिले काम. गरम इंजिनाचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. दाबाखालचे पाणी क्षणात उसळते आणि चेहरा, हात भाजतात.

पातळी ठीक असेल तर सकाळी गाडी सुरू करून वरच्या होज पाइपवर हात ठेवावा, अर्थात पंखा आणि पट्ट्यापासून दूर राहून. थर्मोस्टॅट नीट असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि झडप उघडली की थोड्याच वेळात चटका लागण्याइतका तापतो. सुरुवातीपासूनच पाइप हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरही आता सहज मिळतो, पण त्याचा नेम चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर आकडा खराहून कमी येतो. काळ्या रबरी पाइपवर किंवा हाउसिंगला काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरावा.

काढलेला थर्मोस्टॅट तपासायला घरचे पातेले पुरते. तो दोऱ्याने पाण्यात असा लटकवावा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर सोडावा आणि पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलली पाहिजे, आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे.

पंखाही तपासावा. ज्या गाड्यांच्या पंख्याला व्हिस्कस क्लच आहे, तिथे क्लच जाम झाला की पंखा गरज नसतानाही पूर्ण वेगाने घोंगावतो. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. हा क्लच इंजिन गारठवतो आणि डिझेलही खातो.

आता ॲव्हरेजचे. थंड इंजिनाने जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीचे ॲव्हरेज घटते, पण सगळी घट त्याच्याच माथी मारणे बरोबर नाही. पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर इंजिनाला थंड समजून जादा इंधन सोडत राहतो. तिथे फटका मोठा बसतो, आणि ओबीडी-२ पद्धतीच्या गाड्यांत पी०१२८ हा कोड त्यासाठीच असतो. यांत्रिक पंपाला पाण्याचे तापमान कळत नाही. म्हणून डिझेल ट्रकचे ॲव्हरेज फार पडले असेल तर आणखी कारण शोधावे.

या ट्रकमध्ये आणखी दोन कारणे सापडली. मागच्या एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. हे तपासायला सपाट रस्त्यावर काही अंतर ब्रेक न मारता जाऊन थांबावे आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्यावा. एकाच ड्रमची धग वेगळी लागली की गुन्हेगार सापडला. दुसरे कारण कागदावरचे होते. मालकाने ९.०० च्या जागी १०.०० चे टायर चढवले होते. मोठे चाक एका फेरीत सुमारे तीन टक्के जास्त अंतर कापते, मीटरला मात्र जुनाच हिशोब माहीत असतो. गाडी धावत होती जास्त आणि नोंदत होती कमी. टाकी दरवेळी त्याच पंपावर काठोकाठ भरून आणि किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिल्याशिवाय ॲव्हरेजबद्दल काहीही बोलणे अंदाजपंचेच असते. हे आधी झाले असते तर पंप आणि नोझलचा खर्च वाचला असता.

नवा थर्मोस्टॅट त्या इंजिनासाठी दिलेल्या आकड्याचाच घ्यावा. मेणाची बाजू इंजिनकडे, हवा सुटण्याची छोटी पिन असल्यास ती वर, पॅकिंग नवे. भरताना हवा पूर्ण काढावी आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंटचे मिश्रण घालावे. मूळ गाडी गरम का होत होती, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. इथे रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या निघाल्या. विहिरीच्या जड पाण्याचे ते काम. रेडिएटर खोलून साफ केला, डिपस्टिकवर पातळी वाढलेले आणि डिझेलचा वास येणारे ऑइल फिल्टरसकट बदलले, आणि मगच गाडी पुढच्या भाड्याला निघाली.