अपुऱ्या दिवसांचे बाळ : समज आणि उपचार

‘सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज नाटे परिसरातील घरांत अद्यापही आढळतो. तो केवळ कोकणातला नाही. प्राचीन ग्रीक वैद्यकातही त्याचा उल्लेख आहे. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बाळाची फुप्फुसे व चोखण्याची शक्ती परिपक्व होत जाते. साहजिकच आठव्या महिन्यातील बाळाला जगण्याची संधी सातव्यातील बाळापेक्षा अधिक असते. तरीही ‘आठवा’ म्हटले की वडीलधारी मंडळी मनातून आशा सोडतात आणि बाळाला पुढे नेण्याचा निर्णय उद्यावर जातो. नवजात मृत्यूंपैकी बहुसंख्य पहिल्याच आठवड्यात होतात, हे पाहता तो एक दिवस फार महाग पडतो.

‘काचेच्या पेटीशिवाय असे बाळ वाचत नाही, आणि पेटी आपल्याला परवडत नाही’ हेही आपण ऐकतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईचे दूध पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे एवढेच त्यांचे काम. मुदतीपूर्वी जन्मलेल्या दर तीन बाळांपैकी एक दगावत असे; पुढील काही वर्षांत हे प्रमाण दहांत एकावर आले. पेटी त्या गावांत नव्हतीच.

ऊब देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवणे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्याने डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर लगेच तिचा अवलंब करण्यास सांगते. आई आजारी असल्यास वडील वा आजीही हे करू शकतात. (पुरुषांना याचा संकोच वाटतो, बाळाला तो नसतो.) बाळाला लगेच आंघोळ घालणे, मध वा गुटी चाटवणे मात्र टाळावे.

तथापि धाप लागणाऱ्या, दूध न ओढणाऱ्या वा फार कमी वजनाच्या बाळास नवजात शिशू कक्ष हवाच. नाट्याहून रत्नागिरीचा पल्ला लांबचा असल्याने वाट पाहू नये. बाळाला छातीशी धरूनच न्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून आजारी नवजात बाळाचे उपचार व वाहतूक शासकीय रुग्णालयांत विनामूल्य आहेत.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. वेळीच लेसर उपचार झाल्यास दृष्टी वाचू शकते. ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. अशा बाळापुरता हा रिवाज बाजूला ठेवावा आणि महिना पुरा होण्याआधी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.